उंबऱ्याबाहेरचा पैलवान

आमचा पैलवान उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही, ही आमच्या घराची अब्रू होती. लोक पोरांच्या मार्कांचं सांगतात, सोयाबीनच्या उताऱ्याचं सांगतात. माझ्या सासूबाई कुत्र्याचं सांगायच्या. दार सताड उघडं असू दे, दुधाचं पातेलं उघडं असू दे, घरात चिटपाखरू नसू दे, पैलवान ओट्यावर बसून नुसता बघणार. पाहुणे आले की सासूबाई मुद्दाम भाकरीचा तुकडा माजघरात टाकायच्या आणि म्हणायच्या, "बघा, येतोय का." तो यायचा नाही. लाळ गळायची, शेपूट फरशीवर आपटायची, पण पुढचे दोन पाय उंबऱ्याशी येऊन थांबायचे. पाहुणे वा वा करायचे. मग सासूबाई तो तुकडा उचलून बाहेर जायच्या आणि स्वतःच्या हातानं त्याला भरवायच्या.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तसंच म्हणतात. नाव नागव्वा. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं लाडात आल्या की कानडीत जातात आणि रागावल्या की मराठीत येतात. माझ्या वाट्याला मराठीच जास्त.

पैलवान पिल्लू असताना एकदा आत्यांच्या लिंगपूजेत शिरला होता म्हणे. मी तेव्हा या घरात आले नव्हते, ऐकलेलं सांगते. आत्यांनी त्याला काठीनं असं बडवलं की तो दिवसभर गोठ्यात कण्हत पडला. संध्याकाळी हीच बाई हळद आणि तेल गरम करून त्याच्या पायाला लावत बसली होती. त्यानंतर काठी उगारायची वेळ फारशी आली नाही. "हाड" एवढा शब्द पुरायचा. आमचं मांजर मात्र देवघरातून शेपूट वर करून खुशाल हिंडतं. मी एकदा विचारलं, तर आत्या म्हणाल्या, "मांजराला काय कळतंय?" म्हणजे ज्याला कळतं त्यालाच शिक्षा. असला न्याय मी लग्नानंतर बराच पाहिलाय.

पण उंबऱ्याबाहेर तो आत्यांचाच होता, हेही सांगायला हवं. त्या शेतात निघाल्या की मागं पैलवान, मठात निघाल्या की मागं पैलवान. संध्याकाळी त्या ओट्यावर पाय सोडून बसायच्या आणि तो त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून पडायचा. माझ्या हातची भाकरी तो खायचा, पण आधी आत्यांकडं बघून.

ऑगस्टमध्ये आमच्या गावात पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सृष्टी मॅडम आल्या होत्या. आमचं गाव सीनेच्या काठावर. नदीला पाणी आलं की माणसं निघतात आणि जनावरासाठी माघारी फिरतात, मग दोघंही सापडतात, असं त्यांनी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सगळ्यांना समजावलं. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहा, दोर वेगळा काढून ठेवा, कोरडं खाणं डब्यात भरा, कुणी कुणाला उचलायचं ते आधीच ठरवा. आणि नुसतं ठरवू नका, करून बघा. ऐन वेळी जनावर नवं काही शिकत नाही, म्हणाल्या.

मी असल्या गोष्टी मनावर घेणाऱ्यातली आहे. घरी आल्या आल्या कोंबड्यांचं जुनं डालगं धुऊन काढलं, त्यात गोधडी घातली आणि मांजराला रोज त्यातच दूध द्यायला लागले. आठवडाभरात मांजर डालग्यात स्वतःहून झोपायला लागलं. आमचे हे, म्हणजे मल्लिनाथ, होटगीला रेल्वेत ट्रॅकवर कामाला आहेत. ते म्हणाले, "मांजराची तालीम झाली, आता त्याचं आधार कार्ड काढ." हसू दे म्हटलं. म्हशीला माळावरच्या शाळेपर्यंत नेऊन आणायची तालीम त्यांच्याकडूनच करून घेतली.

राहिला पैलवान. त्या दिवशी हॉलमध्ये सृष्टी मॅडमनी विचारलं होतं, "कुत्र्याला घरातून गच्चीवर जायची सवय आहे का कुणाच्या?" तर आत्या उभ्या राहून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमचा पैलवान उंबराच वलांडत न्हाय." लोकांनी कौतुकानं माना डोलावल्या. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"आजी, तुमचा जिना कुठून आहे?"

"घरातनं. भायेरनं काडला तर चोर चढंल की."

"मग पाणी आलं तर तो वर कसा जाणार?"

"त्यो कशाला वर जातोय? रस्त्यानं जाईल साळंत, म्हशीसंगं."

झालं. आमच्याकडं आत्या बोलल्या की विषय संपतो. पैलवानाची तालीम अंगणापासून शाळेपर्यंत झाली आणि ती त्यानं उत्तम केली, कारण पुढं आत्या चालत होत्या. पट्ट्यावर मी मार्करनं नंबर लिहिला. एकदा आत्या मठात गेलेल्या असताना मी त्याला चोरून आत घ्यायचाही प्रयत्न केला. भाकरी दाखवली, गूळ दाखवला, शेवटी पेढा ठेवला. तो आला नाही. उलट माझ्याकडं असं बघत राहिला, जणू मीच त्या घरात चोरी करायला शिरलेय.

सप्टेंबरात वरच्या अंगाला पाऊस धो धो झाला. आमच्याकडं तर धड भुरभुरही नव्हती, ऊनच पडलं होतं. त्यामुळं नदी फुगतेय हे डोळ्यांना दिसूनही मनाला पटत नव्हतं. सकाळी ड्युटीवर जाण्याआधी ह्यांनी म्हैस माळावर नेऊन बांधली. "स्पीकरवर सांगितलं की लगेच निघा, आईला घोळ घालू देऊ नको," असं मला बजावून गेले.

स्पीकर वाजला तेव्हा आत्या पूजेला बसल्या होत्या. पूजा अर्धी सोडून उठायचं नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्यांना सांगण्यात अर्थ नाही हेही ठाऊक होतं. मी पिशव्या भरल्या, मांजर डालग्यात घातलं, दोर काढून ठेवला. नदी अजून खालच्या वावरात होती. शाळेचा रस्ता नदीच्या विरुद्ध बाजूला, त्यामुळं थोडा उशीर झाला तरी हरकत नाही असं सगळ्या गल्लीनंच धरलं होतं.

आत्या उठल्या, अंगारा लावला, चप्पल पायात घातली. आम्ही पैलवानाला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो. पाणी नदीकडून आलंच नव्हतं. ते मागून, ओढ्यातून उलटं चढलं होतं. शाळेच्या रस्त्यावरचा फरशीपूल दिसत नव्हता, त्याच्यावरून गढूळ पाणी असं वाहत होतं की कुणाची तरी कडब्याची अख्खी गंजी फिरत फिरत चालली होती. पलीकडं माळावर माणसं उभी होती, हात हलवून आम्हाला माघारी जा म्हणत होती. समोरच्या घरचे ईश्वरप्पा मागून पळत आले आणि ओरडले, "वैनी, गच्चीवर जावा! मागनं बी पाणी आलंय!"

आम्ही वळलो. घरी पोचेपर्यंत गल्लीत घोट्याएवढं पाणी झालं होतं.

मी आधी आत्यांना आत घातलं. मग पिशव्या, पाण्याचा कॅन, डालगं, सगळं जिन्यावरून वर नेलं. मांजर डालग्यात गपगार बसलं होतं, तालीम वाया गेली नाही एवढं तेव्हाही मनात आलं. खाली आले तर आत्या दारात उभ्या होत्या. पाणी ओट्यावर चढलं होतं आणि पैलवान त्या पाण्यात उभा राहून आत बघत होता.

"चल रं," आत्या म्हणाल्या. "चल आत."

त्यानं शेपूट हलवली. जागचा हलला नाही.

आमचा ओटा तिन्ही बाजूंनी बंद आहे. दोन्हीकडं कमरेएवढी भिंत, मागं घर, आणि पुढं गल्लीकडं उतरायला पायऱ्या. त्या पायऱ्या आता दिसत नव्हत्या. गल्लीतलं पाणी खळाळत चाललं होतं. त्यातून प्लॅस्टिकची पिंपं, चपला, एक खाट असं काय काय चाललं होतं. पैलवान ओट्यावर होता तोवर भिंतीच्या आडोशाला होता. पाणी अजून वर चढलं, त्याचे पाय सुटले, की पायऱ्यांवरून थेट गल्लीत. तिथून त्याला परत आणणारं कुणी नव्हतं.

आत्या आत दोन पावलं मागं सरकल्या आणि मांडीवर हात मारून बोलवायला लागल्या. "बा, बा. बारो अप्पा. ये, ये माझ्या राजा." इतक्या मऊ आवाजात त्यांनी मला कधी हाक मारलेली नाही. पैलवान केविलवाणा ओरडला, पुढं आला, पुढचे दोन पाय नेमके उंबऱ्याशी थांबले. उंबरा आता पाण्याखाली होता. दिसत नव्हता, तरी त्याला तो कुठं आहे हे माहीत होतं. तो परत मागं सरकला.

"भाकरी आण गं!"

मी भाकरी आणली. आत्यांनी ती माजघरात धरली, जिथं पाहुण्यांसमोर टाकायच्या तिथंच. मला वाटतं तेवढं करायला नको होतं. पैलवानानं भाकरी बघितली आणि ओळखीचा खेळ सुरू झाला असं समजून तो ताठ उभा राहिला. शाबासकीची वाट बघत.

आत्यांच्या हातातून भाकरी पाण्यात पडली.

मी दोर घेऊन बाहेर आले, त्याच्या पट्ट्यात अडकवला आणि आतून ओढायला लागले. पैलवान नावाचाच नाही, वजनालाही पैलवान आहे. त्यानं चारी पाय रोवले, मान खाली घातली, आणि मी जीव खाऊन ओढल्यावर पट्टा त्याच्या कानांवरून निसटून माझ्या हातात आला. फोन नंबर लिहिलेला पट्टा. मी मागं आपटले, कोपर फुटलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. बाहेर जाऊन त्याला पोटाखाली हात घालून उचलायला गेले तर त्यानं माझ्या मनगटाला कडाडून चावा घेतला. चावला आणि लगेच मान घालून माझा हात चाटायला लागला. रक्त पाण्यात पडत होतं.

"आत्या, तुमी वर जावा," मी म्हटलं. "मी बघते ह्याचं."

"तू काय बघनार? तुजं ऐकतोय त्यो?"

"तुमचं तरी ऐकतोय का?"

हे मी रागानं बोलले, पण ते खरं नव्हतं. तो आत्यांचंच तर ऐकत होता. मरायला टेकला होता आणि ऐकत होता.

तेवढ्यात फोन वाजला. ह्यांचा. होटगीकडून यायचे रस्ते बंद झाले होते, बोट निघालीय असं तहसीलमधून कळलं होतं, पण कधी पोचेल सांगता येत नव्हतं. मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "महानंदा, कुत्र्याला सोड. त्यो पवंल, काय तरी करंल. आईला घिऊन वर जा. दार लाव." फोन स्पीकरवर होता. आत्यांनी सगळं ऐकलं.

पाणी माझ्या गुडघ्याच्या वर आलं होतं. पैलवानाचं पोट पाण्याला लागलं होतं आणि तो थरथरत होता. ह्यांचं चुकीचं नव्हतं. माझ्या जागी दुसरी शहाणी बाई असती तर तिनं सासूचा हात धरून तिला ओढत वर नेलं असतं. मी तसं करणारच होते. "आत्या, चला," म्हणून मी त्यांच्या दंडाला धरलं.

त्यांनी माझा हात झटकला आणि दाराच्या कोपऱ्यातली काठी उचलली. म्हशीला हाकायची, वेळूची.

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. एवढं करून येत नाही म्हणून आता त्याला मारणार. "आत्या, आता मारताय व्हय त्याला?" मी ओरडले. "त्यानं काय केलंय?"

"बोलवून येनार न्हाय त्यो," आत्या म्हणाल्या. "आत यायचं त्याला कुनी शिकवलंच न्हाय. पळायचं तेवडं शिकवलंय. काटी भायेरनं आली तर कुटं पळंल?"

मला समजायला एक क्षण लागला. मग मी ओट्याकडं बघितलं. दोन्हीकडं भिंत. पायऱ्यांच्या तोंडाशी कुणी काठी घेऊन उभं राहिलं तर पळायला एकच जागा उरत होती, दार. पण ते कुणी म्हणजे पाण्याच्या ओढीत उभं राहायचं, आणि ओट्याच्या कडेला ओढ सगळ्यात जास्त होती.

"मी जाते भायेर," मी म्हटलं. "काटी द्या."

"तुला भीत न्हाय त्यो. मला भितोय." एवढं बोलून त्यांनी लुगड्याचा काष्टा आवळला. "कासरा बांद माज्या कमरंला."

मी कासरा बांधला. रडत होते की शिव्या देत होते मला आठवत नाही, बहुतेक दोन्ही. दुसरं टोक माजघरातल्या खांबाला दोन वेढे देऊन हातात धरलं. दारात उभं राहून चालणार नव्हतं. वाट मोकळी हवी होती. म्हणजे मला आत्या दिसणार नव्हत्या, नुसता दोर दिसणार होता.

त्या बाहेर गेल्या. दोर सरकत गेला. पैलवानाचा आनंदी आवाज आला, त्याला वाटलं असणार की आता नेहमीसारखं त्या येऊन भरवणार. दोर थांबला. म्हणजे त्या कडेला पोचल्या होत्या. दोर ताणला जाऊन थरथरायला लागला, पाणी त्यांना ओढत होतं.

आणि मग आत्यांचा आवाज आला. "हाड!"

मी तो शब्द रोज ऐकते. तसा कधी ऐकला नव्हता.

काठी पाण्यावर आपटली. मग अंगावर. पैलवान किंचाळला. "हाड! हाड म्हणते न्हवं! निग!" पुन्हा काठी. तो दारापाशी आला असावा, कारण त्याची धाप मला अगदी जवळ ऐकू आली आणि तिथंच थांबली. उंबऱ्याशी. पुढं काठी नव्हती, पण पुढं काय आहे हे त्याच्या पायांना वर्षानुवर्षं माहीत होतं. मागं आत्या होत्या. तो दोन्हीकडून अडकला होता.

"आत्या, बास! मरंल त्यो!"

"गप बस!" आणि मग त्यांनी जे हाणलं त्याचा आवाज मी विसरणार नाही. लाकूड हाडावर बसल्याचा आवाज होता तो. पैलवान असा ओरडला की समोरच्या गच्चीवरून ईश्वरप्पा "काय झालं, काय झालं" करायला लागले. दारात पाणी फुटलं, काळं काहीतरी माझ्या गुडघ्यावर आदळलं, मी पडता पडता वाचले, आणि तो माजघरातून, देवघरावरून, स्वयंपाकघरातून, जिथं त्याला कधी पाय ठेवू दिला नव्हता त्या सगळ्या जागांतून पाणी उडवत गेला. जिन्यावर त्याच्या नखांचा आवाज आला. वर मांजर फिस्कारलं.

"गेला!" मी ओरडले. "आत्या, गेला वर! या आता!"

हातातला दोर एकदम सुटावा तसा धावला आणि खांबापाशी गच्च अडकला.

मी दोर सोडला नाही. एवढंच सांगते, कारण त्यापुढचं मला नीट सांगता येत नाही. चावलेल्या मनगटातून कळ डोक्यापर्यंत जात होती. मी एक पाय खांबाला लावला आणि ओढला. दोर थोडा आला. पुन्हा ओढला. समोरून ईश्वरप्पा ओरडून सांगत होते, "डाव्या भिंतीला धरल्यात, धरल्यात, वडा!" मी ओढत राहिले. आधी दाराच्या चौकटीवर एक हात दिसला, मग पदर, मग आत्यांचं डोकं. तोंडात पाणी गेलं होतं, एका पायातली चप्पल गेली होती. मी त्यांना काखेत धरून जिन्याशी नेलं, आणि त्या पायरीवर बसून खूप वेळ खोकत राहिल्या. काठी अजून त्यांच्या मुठीत होती. ती सोडवायला मला एक एक बोट उलगडावं लागलं.

"गेला न्हवं आत?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"मग झालं."

गच्चीवर ऊन होतं. चारी बाजूंनी पाणी आणि त्यात मधे मधे गच्च्या, प्रत्येक गच्चीवर माणसं. मांजर डालग्याच्या फटीतून बघत होतं. पैलवान टाकीच्या मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. मागचा एक पाय जमिनीला टेकत नव्हता.

आत्यांनी पिशवीतला भाकरीचा डबा उघडला. तुकडा मोडला आणि हात पुढं करून हळूहळू त्याच्याकडं निघाल्या. "बारो अप्पा." पैलवानानं त्यांना येताना बघितलं आणि तीन पायांवर उठून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेला. आत्या वळल्या, तिकडं गेल्या. तो परत कठड्याला चिकटून सरकला. पाय लंगडत होता, तरी सरकत होता. तिसऱ्यांदा तो कठड्याच्या इतका कडेला गेला की मी म्हटलं, "आत्या, नका जाऊ आता. खाली पडंल."

त्या थांबल्या. भाकरीचा तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला.

मी नुसती बसले, त्याच्याकडं न बघता. बऱ्याच वेळानं तो माझ्याजवळ आला, तुकडा खाल्ला आणि माझ्या मांडीला टेकून थरथरत पडला. खाण्याआधी त्यानं आत्यांकडं बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. ते आत्यांनीही बघितलं. मला त्या घटकेला त्यांचं इतकं वाईट वाटलं की एवढ्या वर्षांची सगळी मराठी मी माफ करून टाकली.

मी त्याचा पाय चाचपला. सुजला होता, पण हाड जागेवर वाटत होतं. "मोडला न्हाय," मी मोठ्यानं म्हटलं. आत्यांनी मान हलवली आणि तोंडाला पदर लावून नदीकडं तोंड करून बसल्या. पाणी कमरेएवढं चढून आमच्या ओट्यावरून सरळ वाहत होतं. मघाशी तो उभा होता ती जागा दिसत नव्हती.

ऊन कलल्यावर बोट आली. नारिंगी जाकिटं घातलेले जवान आधी ईश्वरप्पांच्या गच्चीला लागले, मग आमच्या. आधी माणसं म्हणाले. मी पैलवानाला गोधडीत गुंडाळून कडेला आणलं, तर त्यांच्यातला एक जण म्हणाला, "घेऊ, ताई. पण घाबरलेलं जनावर बोट हलवतं. ज्याचं कुत्रं आहे त्यानं त्याला मांडीवर घट्ट धरून बसायचं. कुणाचं आहे?"

मी आत्यांकडं बघितलं. सगळ्या गावाला माहीत होतं कुणाचं आहे. बोटीत बसलेल्या ईश्वरप्पांनी तर तोंडही उघडलं होतं सांगायला.

"हिचं हाय," आत्या म्हणाल्या. "माज्या सुनंचं."

आणि त्या बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या, त्याला आपलं तोंड दिसू नये म्हणून पाठ करून. माळ येईपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. मधे एकदा फक्त विचारलं, "धरलंस न्हवं नीट?" मी हो म्हटलं.